कुंडीतला हायड्रेंजिया दुसऱ्या वर्षी का फुलत नाही? बेळगाव परिसरासाठी बारा महिन्यांची माहिती

बेळगाव : हिवाळा सरत आला की नर्सऱ्यांत निळ्या-गुलाबी झुबक्यांच्या बुटक्या कुंड्या दिसू लागतात. हात-दीड हात उंचीचं झाड आणि त्यावर चेंडूएवढे चार-पाच झुबके. तीनशे-चारशे रुपये मोजून माणूस कुंडी घरी नेतो. महिना-दीड महिना गॅलरी उजळून निघते. मग मे महिन्यात पानं करपतात. काही ठिकाणी झाड जगतं, पण पुढच्या वर्षी नुसता पाला येतो, फूल एकही नाही. शेवटी 'हे उटीचं झाड, आपल्याकडं येत नाही' असं म्हणून कुंडी रिकामी होते.

हे म्हणणं अर्धंच खरं आहे. बेळगाव, खानापूर, चंदगड, आंबोली या पट्ट्यात हायड्रेंजिया जगतो आणि पुन्हा फुलूही शकतो. त्याचा घात दोन गोष्टी करतात. एक म्हणजे मार्च ते मे मधलं दुपारचं ऊन आणि दुसरी म्हणजे चुकीच्या महिन्यात चालवलेली कात्री. खत, औषध, फुलाचा रंग हे सगळं त्यानंतरचं. ज्यांच्याकडं परडं नाही, फक्त गॅलरी, गच्ची किंवा दारासमोरची चार फूट जागा आहे, त्यांच्यासाठी ही माहिती.

हे झाड मुळात कुठलं?

आपल्याकडं कुंडीत विकला जातो तो बहुतेक 'हायड्रेंजिया मॅक्रोफिला'. मॅक्रोफिला म्हणजे मोठ्या पानांचा. हे झाड मूळचं जपानचं. तिथं त्याला 'अजिसाई' म्हणतात आणि ते जूनच्या पावसात फुलतं. कामाकुरा गावातलं मेइगेत्सु-इन हे बौद्ध मंदिर या फुलांसाठी प्रसिद्ध आहे. भर पावसात छत्र्या घेऊन लोक फुलं बघायला येतात. अठराव्या शतकाच्या शेवटी हे झाड युरोपात गेलं आणि तिथं त्याच्या शेकडो बागायती जाती तयार झाल्या. भारतात उटी, कोडाईकनाल, दार्जिलिंग, शिलाँग अशा थंड हवेच्या गावांत ते चांगलं रुळलं आहे.

म्हणजे पाऊस आणि ओलसर हवा या झाडाला नवीन नाही, उलट तीच त्याची आवड आहे. बेळगावचा जून ते सप्टेंबर त्याला मानवतो. अडचण उन्हाळ्याची आहे. उटी समुद्रसपाटीपासून सव्वासात हजार फुटांच्या वर, महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास, तर बेळगाव साधारण अडीच हजार फुटांवर. त्यामुळे उटीसारखं रस्त्याकडेला बिनकाळजीचं झाड इथं होणार नाही. पण नीट जागा दिली तर कुंडीत ते सांभाळता येतं.

ज्याला आपण फूल म्हणतो तो खरं तर अनेक लहान फुलांचा झुबका असतो. रंगीत दिसतात त्या पाकळ्या नसून निदलं असतात, म्हणजे इतर फुलांत कळीला बाहेरून वेढणारी जी हिरवी पानं असतात ती. म्हणूनच हा झुबका गुलाबासारखा चार दिवसांत गळत नाही, आठवडेच्या आठवडे टिकतो. काही जातींत झुबका पूर्ण गोल असतो, तर काहींत मध्ये बारीक दाण्यांसारखी खरी फुलं आणि कडेनं मोठ्या फुलांची झालर असते. दुसरा प्रकार दिसला म्हणजे 'फूल अर्धवट उमललंय' असं समजू नका. ती जातच तशी आहे.

बुटकं झाड खरंच बुटकं असतं का?

हा प्रश्न विकत घेण्याआधी विचारायला हवा. परदेशात खरोखरच बुटक्या जाती आहेत. 'पिया' ही जात दोन-अडीच फुटांवर थांबते. 'सिटीलाइन' या मालिकेतल्या जाती एक ते तीन फुटांच्या दरम्यान राहतात. 'एंडलेस समर' ही जात अमेरिकेत २००४ मध्ये बाजारात आली. ती जुन्या आणि नव्या अशा दोन्ही फांद्यांवर फुलते म्हणून गाजली.

आपल्या नर्सऱ्यांत मात्र जातीचं नाव सहसा मिळत नाही. 'निळा', 'गुलाबी', 'पांढरा' एवढंच सांगितलं जातं. आणि कुंडीतलं झाड बुटकं दिसतं त्याचं कारण पुष्कळदा जात नसते. व्यापारी उत्पादक झाडाला वाढ रोखणारी औषधं देतात. त्यामुळं दोन पेरांमधलं अंतर कमी राहतं आणि झाड आटोपशीर, भरगच्च दिसतं. औषधाचा असर संपला की पुढच्या वर्षी तेच झाड अडीच-तीन फूट होतं. जमिनीत लावलं तर चार-पाच फूटही होतं.

यात फसवणूक नाही, विकण्यासाठी फुलवलेल्या झाडाची ती पद्धतच आहे. पण 'हे असंच एवढंसं राहणार' या समजुतीवर जागा ठरवू नका. दोन-अडीच फूट रुंद आणि तीन फूट उंच एवढी मोकळी जागा सुरुवातीपासूनच धरा.

विकत घेताना काय बघायचं?

- पूर्ण उमललेलं झाड घेण्यापेक्षा एक-दोन झुबके उमललेले आणि बाकीच्या कळ्या असलेलं घ्या. फुलं जास्त दिवस मिळतात.
- बुंध्यातून तीन-चार जाड फांद्या निघालेल्या असाव्यात. एकाच काडीवर मोठा झुबका असलेलं झाड पुढं नीट भरत नाही.
- पानं उलटी करून बघा. बारीक जाळी, पांढरा कापूस किंवा चिकटपणा असेल तर ती कुंडी सोडा.
- कुंडी उचलून बघा. हलकी लागली आणि खालच्या भोकातून मुळांचा गुंता बाहेर आला असेल तर झाडाला पाण्याचा ताण बसलेला आहे.
- ऑनलाइन मिळणाऱ्या 'सात रंगी हायड्रेंजिया'च्या बियांच्या नादी लागू नका. या झाडाचं बी धुळीसारखं बारीक असतं, आणि बियांपासून ठरलेली जात मिळत नाही. चांगली जात नेहमी फाट्यांपासूनच वाढवतात.
- ऑनलाइन दिसणारे शंकूच्या आकाराचे, लांबट झुबके 'पॅनिक्युलाटा' या वेगळ्या प्रकाराचे. त्याला कडक हिवाळा लागतो, आपल्या हवेत त्यावर पैसे घालवू नका.

जागा : सकाळचं ऊन, दुपारची सावली

या झाडासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे पूर्वेची गॅलरी. सकाळी दहा-साडेदहापर्यंत ऊन आणि त्यानंतर उजेड असलेली सावली. पश्चिमेच्या गॅलरीत हे झाड ठेवू नका. दुपारी दोन ते पाचचं ऊन आणि तापलेल्या भिंतीची झळ यांनी मोठी पानं कागदासारखी वाळतात. गच्चीवर ठेवायचं तर मार्चपासून ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लागेल. कुंडी तापलेल्या स्लॅबवर थेट न ठेवता दोन विटांवर किंवा स्टँडवर ठेवा.

घरात, टीव्हीशेजारी, टेबलावर हे झाड आठ-दहा दिवस शोभेला चालतं, कायमचं नाही. अंधाऱ्या जागी फांद्या लांबट होतात आणि पुढच्या फुलांची तयारी होत नाही. थंडीत तर कुंडी मुद्दाम बाहेर ठेवायची. त्याचं कारण पुढं कात्रीच्या भागात येईल.

परडं असेल तर आंबा किंवा फणसाच्या अगदी बुंध्याशी लावू नका, मोठ्या झाडाची मुळं सगळं पाणी ओढून घेतात. घराच्या पूर्वेकडची, पागोळ्या थेट न पडणारी जागा बरी. पावसाचं पाणी साठून राहणारा खड्डा मात्र टाळा.

कुंडी आणि माती

नर्सरीतल्या सहा इंची कुंडीतून झाड आठ किंवा दहा इंची कुंडीत हलवा. एकदम मोठ्या कुंडीत टाकलं तर न वापरली गेलेली माती ओली राहते आणि मुळं कुजतात. दोन वर्षांनी बारा इंची कुंडी द्या, तिथं मग बरीच वर्षं निघतात. मातीची कुंडी मुळांना थंड ठेवते, पण लवकर सुकते. प्लॅस्टिकची कुंडी ओल धरते, पण उन्हात तापते. सिमेंटची नवी कुंडी असेल तर आठवडाभर पाणी भरून ठेवा, रोज ते बदला आणि मगच वापरा. सिमेंटातला चुना मातीत उतरतो आणि हायड्रेंजियाला चुना मानवत नाही.

खानापूर-बेळगाव भागातली तांबडी माती या झाडाला मुळात चांगली, कारण ती आम्लधर्मी असते. पण नुसती तांबडी माती कुंडीत भरली तर दोन पावसांत विटेसारखी घट्ट बसते. पुढचं मिश्रण कुंडीसाठी चांगलं चालतं :

- तांबडी माती : २ भाग
- कुजलेला पालापाचोळा किंवा धुतलेलं कोकोपीट : २ भाग
- गांडूळखत किंवा दोन वर्षांचं जुनं शेणखत : १ भाग
- जाड वाळू किंवा भाताचं तूस : १ भाग
- मूठभर निंबोळी पेंड

कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोन-तीन पाण्यांनी पिळून धुवा, त्यात क्षार असतात. ताजं शेण घालू नका. चिकोडी, अथणी, गोकाक भागातल्या वाचकांनी शेतातली काळी माती वापरू नये. ती ओल धरून बसते आणि तिच्यात चुन्याचं प्रमाण जास्त असतं. खात्री करायची असेल तर चमचाभर वाळलेल्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर मातीत चुना आहे.

पाणी : दुपारी मान टाकली म्हणून घाबरू नका

मोठ्या पानांतून पाणी भराभर उडून जातं. त्यामुळं उन्हाळ्यात दुपारी झाड मान टाकतं. ते बघून लगेच बादलीभर पाणी ओतलं जातं आणि इथंच मुळं कुजायला सुरुवात होते. नियम साधा आहे. दुपारी मरगळलेलं झाड संध्याकाळी आपोआप उभं राहिलं तर ते फक्त उन्हाचं लक्षण आहे, त्याला सावली द्या. सकाळी सातलाही मरगळलेलंच असेल तर पाणी कमी पडलं आहे. आणि माती ओली असूनही झाड सकाळी उभं राहत नसेल तर मुळं कुजलेली आहेत. अशा वेळी पाणी थांबवा, कुंडी उपडी करून काळी, मऊ झालेली मुळं कापून टाका आणि झाड नव्या मिश्रणात लावा.

बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं. कोरडं लागलं तर खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत घालायचं, ओलं लागलं तर थांबायचं. एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी, कधी दोन वेळा पाणी लागेल. थंडीत दोन-तीन दिवसांतून एकदा पुरतं. पावसात कुंडीखालची ताटली काढून ठेवा. मातीवर वाळलेली पानं किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन इंची थर दिला तर उन्हाळ्यात बरीच ओल वाचते.

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. सतत तेच घातलं तर मातीतला आम्लपणा कमी होत जातो, पानं पिवळी पडतात आणि निळं फूल गुलाबी होऊ लागतं. नळाचं पाणी त्यामानानं बरं, पावसाचं साठवलेलं सगळ्यात उत्तम. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी वापरू नका. गाळून राहिलेले क्षार सगळे त्यातच असतात.

कात्री कधी लावायची?

फुलं न येण्याचं सगळ्यात मोठं कारण इथं आहे. अथणी-तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांना ऑक्टोबर छाटणी माहीत आहे. गुलाब असलेल्या घरांतही दसरा-दिवाळीच्या दरम्यान छाटणी होते. त्याच कात्रीनं, त्याच दिवशी शेजारच्या कुंडीतला हायड्रेंजियाही छाटला जातो. गुलाब नव्या फांदीवर फुलतो, त्यामुळं त्याचं काही बिघडत नाही. हायड्रेंजिया मॅक्रोफिला मात्र मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलतो. पुढच्या हंगामाची कळी त्याच्या शेंड्यात ऑक्टोबरपासून थंडीत तयार होत असते. दिवाळीत शेंडा कापला म्हणजे मार्चचं फूल कापलं.

ही कळी धरायला थंडावा लागतो. साधारण १८ अंशांच्या खालचं तापमान सहा ते आठ आठवडे मिळालं तर कळ्या चांगल्या धरतात. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री १५ अंशांच्या आसपास जातात, पण दिवस उबदार असतात. म्हणजे थंडावा मिळतो, मात्र अर्धामुर्धा. म्हणूनच थंडीत कुंडी घरात न घेता बाहेर मोकळ्या हवेत ठेवायची. सगळ्याच फांद्यांना फुलं येतील ही अपेक्षाही नको. नर्सरीतल्या झाडाला थंड हवेची किंवा शीतगृहाची मदत मिळालेली असते. घरच्या झाडावर आठपैकी चार-पाच फांद्या फुलल्या तर ते चांगलं पीक समजा.

छाटणीची योग्य वेळ म्हणजे फुलं ओसरल्यावर लगेच. आपल्याकडं साधारण जून-जुलै, फार तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा. पद्धत अशी :

- वाळलेला झुबका, त्याच्याखालच्या भरदार डोळ्यांच्या जोडीच्या थोडं वर कापा.
- झाड उंच झालं असेल तर फुललेली फांदी जमिनीपासून तीन-चार डोळे ठेवून खाली घ्या. बुटकेपणा राखायची वेळ हीच.
- न फुललेल्या धडधाकट फांद्यांना हात लावू नका. पुढच्या वर्षीचं फूल त्यांच्याच शेंड्यात येणार आहे.
- तीन वर्षांहून जुन्या, वाळक्या, बारीक काड्या बुडातून काढा.
- गणपतीनंतर कात्री बंद. मेलेली फांदी सोडून काहीही कापायचं नाही.

रंग कशानं बदलतो?

नर्सरीत निळा असलेला हायड्रेंजिया पुढच्या वर्षी घरी गुलाबी फुलतो आणि दोष नर्सरीवाल्यावर येतो. त्याचा दोष नाही, खेळ मातीचा आहे. आम्लधर्मी मातीत, म्हणजे पीएच साडेपाचच्या खाली असेल तर मातीतलं ॲल्युमिनियम मुळांना घेता येतं. ते फुलातल्या रंगद्रव्याशी जोडलं गेलं की फूल निळं होतं. पीएच साडेसहाच्या वर गेला की ॲल्युमिनियम मातीत अडकून पडतं आणि फूल गुलाबी होतं. दोन्हींच्या मध्ये असेल तर जांभळट, कधी एकाच झाडावर दोन रंग. शाळेतल्या लिटमस कागदाच्या हे उलटं आहे. तिथं आम्लात कागद लाल होतो, इथं आम्लात फूल निळं.

पांढऱ्या जातीचा रंग असा बदलत नाही. म्हातारपणी त्यावर थोडी हिरवट-गुलाबी झाक येते एवढंच. काही गडद लाल जातीही पूर्ण निळ्या होत नाहीत, जांभळ्यावर थांबतात.

निळा रंग हवा असेल तर घरातली तुरटी उपयोगी पडते, कारण तिच्यात ॲल्युमिनियम असतं. एक लहान चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम तुरटीची पूड ५ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. आधी साध्या पाण्यानं माती ओली करा आणि मग दहा इंची कुंडीला या पाण्यातलं अर्धा ते पाऊण लिटर घाला. थंडी सरल्यापासून फूल रंगेपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा पुरे. जास्त घातली तर मुळं भाजतात. फूल रंगल्यावर कितीही तुरटी घातली तरी त्या झुबक्याचा रंग बदलत नाही, पुढच्या वर्षाची वाट बघावी लागते.

कुंडीत गंजके खिळे पुरायचा सल्ला बरेच जण देतात. खिळ्यातून लोखंड मिळतं, ॲल्युमिनियम नाही. त्यानं फूल निळं होत नाही.

गुलाबी रंगच हवा असेल तर तुरटी नको. अंड्याच्या टरफलांची पूड किंवा चिमूटभर बागेचा चुना चालतो, तोही जपून. बंबातली किंवा चुलीतली राख कुंडीत टाकायची सवय असेल तर निळ्या हायड्रेंजियाच्या बाबतीत ती सोडा.

खत किती?

हे झाड खादाड नाही. नत्र जास्त झालं की पानं हाताच्या पंजाएवढी होतात आणि फूल राहतं बाजूला. फेब्रुवारी ते मे आणि पुन्हा छाटणीनंतर सप्टेंबरपर्यंत महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत पुरेसं आहे. विद्राव्य खत द्यायचं तर १९:१९:१९ हे २ ग्रॅम प्रति लिटर, वीस दिवसांतून एकदा, आणि तेही ओल्या मातीत. निळ्या रंगाच्या मागं असाल तर डीएपी, सुपर फॉस्फेट, हाडांचं खत टाळा, कारण स्फुरद ॲल्युमिनियमला अडकवतो. ऑक्टोबर ते जानेवारी खत बंद. त्या काळात नवी पालवी नको, कळी हवी.

शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी अशी कोवळी पानं दिसली तर झाडाला लोह मिळत नाही. शेतकी दुकानात मिळणारं हिराकस २ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात विरघळवून मातीत द्या. त्याचबरोबर बोअरचं पाणीही थांबवा, नाहीतर पिवळेपणा परत येतो.

कीड, रोग आणि एक इशारा

उन्हाळ्यात लाल कोळी येतो. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागं जाळी दिसते. पानांच्या खालून सकाळी पाण्याचा फवारा मारला तरी बराच आटोक्यात राहतो. पिठ्या ढेकूण दिसला तर ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण एक लिटर पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा. पावसाळ्यात पानांवर तपकिरी-जांभळे ठिपके पडतात. ती पानं काढून टाका, कुंड्यांमध्ये अंतर ठेवा आणि पाणी पानांवर न घालता बुडात घाला. गोगलगायी रात्री कोवळे शेंडे खातात, त्या हातानं वेचून काढणं हाच खात्रीचा उपाय.

इशारा महत्त्वाचा आहे. हायड्रेंजियाची पानं, कळ्या आणि फुलं पोटात गेली तर विषारी ठरतात. कुत्रं, मांजर, शेळी, गाय यांना उलट्या-जुलाब होऊ शकतात. छाटलेल्या फांद्या शेळ्यांपुढं टाकू नका. रांगतं मूल असलेल्या घरात कुंडी उंचावर ठेवा. केकवर किंवा जेवणाच्या ताटात ही फुलं सजावटीला ठेवू नयेत.

एका झाडाची चार झाडं

पावसाळा हा फाटे लावायचा काळ. जून-जुलैमध्ये न फुललेल्या फांदीचा चार ते सहा इंचांचा तुकडा घ्या. खालची पानं काढा, वरची दोन अर्धी कापा. ओल्या वाळू-कोकोपीटमध्ये खोचा, वरून पारदर्शक पिशवी घाला आणि सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. हळूच ओढून बघितल्यावर तुकडा सहज हलला नाही की समजायचं. अशी झाडं सुरुवातीपासून आपल्याच हवेत वाढतात. त्यामुळं बाहेरून आणलेल्या झाडापेक्षा ती उन्हाळा चांगला काढतात.

वर्षभराचं वेळापत्रक

- जानेवारी-फेब्रुवारी : कुंडी बाहेर. पाणी बेताचं. कळी फुगू लागली की गांडूळखत आणि हवी असेल तर तुरटी.
- मार्च : दुपारच्या सावलीची सोय. पाणी वाढवा.
- एप्रिल-मे : फुलांचा काळ. शेडनेट, मातीवर पाल्याचा थर, रोज सकाळी पाणी. वळीव पडला तरी दुसऱ्या दिवशी माती तपासा.
- जून-जुलै : फुलं ओसरली की छाटणी. ताटली काढा. फाटे लावा. कुंडी बदलायची तर आत्ताच.
- ऑगस्ट : उरलेली छाटणी पहिल्या पंधरवड्यात संपवा. गोगलगायी वेचा.
- सप्टेंबर : शेवटचं खत. गणपतीनंतर कात्री बंद.
- ऑक्टोबर-डिसेंबर : खत नाही, छाटणी नाही, घरात आणणं नाही. पानं थोडी लालसर होऊन गळली तर घाबरू नका, ती थंडीची विश्रांती आहे. पाणी पूर्ण बंद मात्र करू नका.

नेहमीचे प्रश्न

*गोवा, सावंतवाडीत हे झाड फुलेल का?* किनारपट्टीवर थंडीतल्या रात्रीही उबदार असतात. झाड जगेल, पानं भरपूर येतील, पण दुसऱ्या वर्षी फुलं येण्याची खात्री नाही. तिथं फुललेली कुंडी हंगामापुरती घ्यावी हे बरं. तसलाच बहर कायमचा हवा असेल तर मोगरा, अबोली यांच्या रांगेत बसणारा इक्झोरा त्या हवेत बिनघोर फुलतो.

*पावसात कुंडी उघड्यावर ठेवावी का?* चालते, पण भोकं मोकळी हवीत. सलग आठ-दहा दिवस संततधार असेल तर पत्र्याच्या कडेला, उजेडात ओढून घ्या.

*तीन वर्षं झाली, झाड हिरवंगार आहे, फूल नाही. काय करावं?* आधी तीन गोष्टी तपासा : गणपतीनंतर छाटलं होतं का, थंडीत घरात होतं का, सावली फार गडद आहे का. तिन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर नत्राचं खत कमी करा आणि एक वर्ष कात्री अजिबात लावू नका.

*झुबके वाळवून ठेवता येतात का?* येतात. झुबका झाडावरच जून होऊन कागदासारखा लागू लागला की देठासकट कापा आणि पेल्यात दोन बोटं पाणी घालून ठेवा. पाणी आपोआप आटू द्या. फिकट रंगाचा झुबका बरेच महिने टिकतो.

या झाडाला महागडं औषध लागत नाही, मोठी बागही लागत नाही. पूर्वेची चार फूट जागा, उन्हाळ्यात पन्नास टक्क्यांची जाळी आणि कात्री कधी खाली ठेवायची याची आठवण एवढं पुरतं. मेमध्ये मरगळलेली कुंडी घरात असेल तर ती इतक्यात रिकामी करू नका. बुंध्याची साल नखानं किंचित खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. सावलीत ठेवा, पाणी बेताचं द्या आणि मृगाच्या पावसाची वाट बघा.